भिंतीआडचे बालक आणि बाहेरची नजर : महाराष्ट्रातील निवासी बालसंगोपनावरील देखरेखीचा इतिहास (१८५० ते २०२४)

प्रस्तावना

अनाथ, निराधार, टाकून दिलेल्या किंवा घरातून पळालेल्या मुलाला आसरा देणे हे पुण्यकर्म होय, ही भावना भारतीय समाजात जुनी आहे. परंतु आसरा दिल्यानंतर त्या मुलाचे पुढे काय होते, हे नियमितपणे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यामानाने पुष्कळ उशिरा विचारला गेला. महाराष्ट्रातील बालकल्याणाचा इतिहास सामान्यतः संस्थांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संस्थापक, स्थापनेचे वर्ष, देणगीदार, इमारत आणि लाभार्थ्यांची संख्या या क्रमाने तो पुढे सरकतो. त्या इमारतीत राहणाऱ्या मुलाचा अनुभव त्यात क्वचितच येतो. याचे एक कारण असे की, मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला पुरावा फारसा उपलब्ध नसतो. दुसरे कारण असे की, संस्थेचा अहवाल हा बहुतांशी संस्थेनेच लिहिलेला असतो.

प्रस्तुत लेखात या इतिहासाकडे एका मर्यादित परंतु महत्त्वाच्या अंगाने पाहिले आहे. मुंबई इलाख्यात व पुढे महाराष्ट्र राज्यात, संस्थेत अथवा परक्या कुटुंबात ठेवलेल्या मुलाची विचारपूस करण्यासाठी बाहेरच्या व्यक्तीने आत जाण्याची कोणती व्यवस्था कायद्याने केली, ती प्रत्यक्षात कितपत टिकली आणि अत्याचार उघडकीस आले ते कोणत्या मार्गाने, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. १८५० चा उमेदवारी कायदा हा या विवेचनाचा प्रारंभबिंदू असून २०२४ मधील प्रतिपालकत्वविषयक मार्गदर्शक सूचनांपर्यंतचा कालखंड विचारात घेतला आहे. आदिवासी आश्रमशाळा, वसतिगृहे व धार्मिक शिक्षणसंस्था यांचा प्रश्न स्वतंत्र अभ्यासाचा असल्याने तो येथे घेतलेला नाही.

१. करारबद्ध बालपण : १८५० चा कायदा

निराधार मुलांसंबंधी ब्रिटिश भारतातील पहिला महत्त्वाचा कायदा म्हणून १८५० च्या उमेदवारी कायद्याचा उल्लेख केला जातो. १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांना एखाद्या कारागिराकडे वा मालकाकडे करार करून कामाला व शिकायला ठेवण्याची सोय या कायद्याने केली. आईबाप नसलेल्या, टाकून दिलेल्या अथवा भटकंती व किरकोळ गुन्ह्यांसाठी पकडल्या गेलेल्या मुलांच्या बाबतीत दंडाधिकाऱ्याला पालकाच्या जागी उभे राहून असा करार करता येत असे. मूल कोणाच्या तरी घरी राहील, तेथेच त्याला अन्नवस्त्र मिळेल आणि हाताला एक धंदा लागेल, ही त्यामागील कल्पना होती. आजच्या भाषेत सांगावयाचे तर संस्थाबाह्य संगोपनाचे हे एक प्राथमिक रूप होते. मात्र त्यात संगोपनापेक्षा श्रमाला अधिक स्थान होते.

मालकाने क्रूर वागणूक दिली, पोटाला घातले नाही अथवा ठरल्याप्रमाणे शिकविले नाही, तर मुलाने स्वतः वा त्याच्या वतीने इतर कोणी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करावी, अशी तरतूद या कायद्यात होती. वरवर पाहता ही तरतूद न्याय्य वाटते. परंतु आईबाप नसलेल्या मुलाच्या वतीने बोलणारा दुसरा कोण असणार, आणि मालकाच्या घरात राहणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने कचेरीपर्यंत जावे कसे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. मुलाकडे जाणारा कोणी नेमलेला नव्हता. मुलानेच कायद्याकडे यावे अशी अपेक्षा होती. बालसंरक्षणाच्या कायद्यांत पुढे वारंवार दिसणारी उणीव येथे प्रथमच स्पष्ट दिसते.

याच सुमारास मुंबईत डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्या पुढाकाराने रस्त्यावरील मुलांसाठी उद्योगशाळा सुरू झाली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीमुळे तिला स्थैर्य लाभले व ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रातील निवासी बालसंस्थांच्या परंपरेतील ही एक आद्य संस्था होय.

२. समाजसुधारकांची आश्रयगृहे

इंग्रजी राजवटीचा भर भटक्या व गुन्हेगार मुलांवर होता, तर मराठी समाजसुधारकांनी वेगळ्या मुलांची चिंता वाहिली. सक्तीच्या वैधव्यातून जन्मणाऱ्या आणि जन्मतःच मारल्या जाणाऱ्या अर्भकांचा प्रश्न महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी हाती घेतला. १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८७४ मध्ये तेथेच जन्मलेल्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. हाच मुलगा पुढे डॉ. यशवंत म्हणून ओळखला गेला. पंढरपूर येथे १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने व प्रार्थना समाजाच्या आधाराने असेच गृह व अनाथ बालकाश्रम उभा राहिला.

देखरेखीच्या दृष्टीने फुले यांच्या गृहासंबंधीची एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर १८८४ मध्ये मत देताना जोतीरावांनी आपल्या गृहाचा हिशेब उघडपणे मांडला. तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती व ३० दगावली होती. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांमुळे गर्भातच इजा झाल्याने ही मुले दगावली, असे कारणही त्यांनी नोंदविले. आपल्याच संस्थेतील मृत्यूंची संख्या कारणासह जाहीर करण्याचे हे उदाहरण त्या काळात असामान्य होते. संस्थेची प्रतिष्ठा जपण्यासाठी आकडा लपविण्याची वृत्ती नंतरच्या काळात अनेकदा दिसून आली. त्या पार्श्वभूमीवर फुले यांची ही नोंद संस्थात्मक उत्तरदायित्वाचा आरंभीचा दाखला म्हणून पाहता येते.

तथापि या आश्रयगृहांवर कायद्याची कोणतीही देखरेख नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. संस्था चांगली की वाईट, हे संस्थापकाच्या चारित्र्यावर अवलंबून होते. फुले दांपत्याच्या घरात मूल सुरक्षित होते, याचे श्रेय त्या दोघांच्या माणुसकीला जाते. दुसऱ्या एखाद्या घरात ते तितकेच सुरक्षित असेल, याची हमी देणारी व्यवस्था अस्तित्वात नव्हती.

३. १८९७ : एक कायदा आणि एक पत्र

१८९७ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. १८७६ च्या कायद्याची जागा घेणारा सुधारशाळा कायदा या वर्षी संमत झाला. शिक्षा झालेल्या १५ वर्षांखालील मुलांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद त्यात होती. अशा शाळेत रात्री मुलांना वेगवेगळे झोपविण्याची सोय, स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण, उद्योगशिक्षण आणि आजारी मुलांसाठी खोली असणे आवश्यक मानले गेले. तुरुंग महानिरीक्षकाने वर्षातून किमान एकदा शाळेची तपासणी करावी, असे बंधन होते.

त्याहून महत्त्वाची तरतूद अभ्यागत समितीची होती. या समितीच्या किमान एका सदस्याने दरमहा शाळेला भेट द्यावी, मुलांच्या तक्रारी ऐकाव्यात, शिक्षांची नोंदवही तपासावी आणि कोणालाही बेकायदेशीरपणे डांबून ठेवलेले नाही याची खातरजमा करावी, असे कायद्यात नमूद होते. १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला परवान्यावर एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे राहावयास पाठविता येत असे. हा परवाना एका वेळी तीन महिन्यांचाच असे आणि मालकाने वाईट वागविल्यास तो रद्द करता येई. म्हणजे १८५० च्या कायद्यात जी उणीव होती, ती येथे काही अंशी भरून निघाली. मुलाने कचेरीत येण्याऐवजी बाहेरचा माणूस मुलाकडे जाणार होता. परंतु ही व्यवस्था शिक्षा झालेल्या मुलांपुरती मर्यादित होती. कोणताही गुन्हा न केलेल्या अनाथ मुलासाठी तिचा काही उपयोग नव्हता.

ही विसंगती किती गंभीर होती, ते याच वर्षीच्या दुसऱ्या घटनेवरून दिसते. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई यांनी मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आपल्या आश्रयाखाली आणले. त्याच काळात पुण्यात प्लेगचा प्रादुर्भाव झाला. मे १८९७ मध्ये रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात एक पत्र प्रसिद्ध करून सरकारी प्लेग व्यवस्थेवर कडक टीका केली. आपल्या आश्रमातून रुग्णालयात पाठविलेली एक मुलगी तेथील पहारेकऱ्याच्या तावडीत सापडली, असा गंभीर आरोप त्यात होता. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी मात्र हे आरोप चुकीचे व दिशाभूल करणारे ठरवून फेटाळले.

या प्रसंगातील तपशिलांबाबत दोन बाजू राहिल्या. मात्र देखरेखीच्या इतिहासात त्याचे महत्त्व वादातीत आहे. आपल्या ताब्यातील मूल दुसऱ्या संस्थेकडे सोपविल्यानंतरही त्याची जबाबदारी संपत नाही, असा आग्रह एका आश्रमाच्या संचालिकेने जाहीरपणे धरला. त्या मुलीला स्वतःची तक्रार नोंदविण्याचा कोणताही अधिकृत मार्ग नव्हता. तिच्या वतीने बोलणारी व्यक्ती नावारूपाला आलेली, इंग्रजी लिहू शकणारी व परदेशातही परिचित होती, म्हणून ती हकिकत आज इतिहासाला ज्ञात आहे. जिच्या पाठीशी रमाबाई नव्हत्या, अशा मुलीची हकिकत नोंदविली जाण्याची शक्यता फारच थोडी होती.

४. मुंबईचा बालक कायदा आणि संस्थांचा विस्तार

१९१९–२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना तुरुंगापासून दूर ठेवावे व त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, अशी शिफारस केली. त्यानुसार मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालक कायदे केले. मुंबईच्या कायद्यावर इंग्लंडमधील १९०८ च्या बालक कायद्याची छाया स्पष्ट होती. या कायद्याने गुन्हा केलेल्या मुलांबरोबरच निराधार व छळ झालेल्या मुलांचाही विचार केला. १९२७ मध्ये मुंबई शहरात त्याची अंमलबजावणी सुरू होऊन बालन्यायालय स्थापन झाले आणि त्याच वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही संस्था अस्तित्वात आली. मुलांचे रिमांड होम उमरखाडी येथील जुन्या तुरुंगाच्या वास्तूत होते. पुढे मानखुर्द येथेही सोसायटीच्या संस्था उभ्या राहिल्या आणि माहीमच्या ससून उद्योगशाळेचा कारभारही तिच्याकडे आला. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाल्यानंतर प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचा प्रवेश या क्षेत्रात होऊ लागला.

या कायद्याने 'योग्य व्यक्ती' ही संकल्पना रूढ केली. मुलाला संस्थेतच ठेवले पाहिजे असे नाही. न्यायालयाला विश्वासार्ह वाटणाऱ्या व्यक्तीकडेही ते सोपविता येईल, असा तिचा मूळ अर्थ होता. व्यवहारात मात्र 'योग्य व्यक्ती' म्हणून संस्थांनाच मान्यता देण्याची पद्धत पडली आणि 'योग्य व्यक्ती संस्था' असा काहीसा विचित्र शब्दप्रयोग सरकारी कागदपत्रांत स्थिरावला. कुटुंबाचा पर्याय कायद्यात होता. परंतु त्याचा शोध घेणारी व त्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा दुबळी असल्याने संस्था हाच सोपा मार्ग ठरला.

१९४८ मध्ये मुंबई प्रांताने नवा बालक कायदा केला. योगायोगाने इंग्लंडमधील नवा बालक कायदाही त्याच वर्षीचा आहे. त्यामागील पार्श्वभूमी मात्र उद्बोधक आहे. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात प्रतिपालनासाठी ठेवलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा मारहाण व उपासमारीने मृत्यू झाला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या अहवालाने स्थानिक अधिकाऱ्यांच्या देखरेखीतील ढिलाई उघड केली. १९४६ च्या कर्टिस समितीने कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या सर्वच मुलांच्या स्थितीचा आढावा घेतला. त्यातून १९४८ चा इंग्लिश कायदा घडला व प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात मुलांसाठी जबाबदार असा स्वतंत्र अधिकारी नेमण्यात आला. या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, संस्थेऐवजी कुटुंब निवडले म्हणजे मूल आपोआप सुरक्षित होत नाही. दोन, एका मुलाच्या मृत्यूची सखोल, प्रकट चौकशी झाली तर ती संपूर्ण व्यवस्था बदलू शकते.

५. परवान्यापासून न्यायालयापर्यंत

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५६ मध्ये महिला व बालसंस्थांच्या परवान्यासंबंधीचा आणि १९६० मध्ये अनाथालये व धर्मादाय गृहांच्या देखरेखीसंबंधीचा कायदा केला. खाजगी अनाथालयांवर सार्वजनिक देखरेखीचे तत्त्व त्यामुळे मान्य झाले, ही निश्चितच पुढची पायरी होती. मात्र १९६० च्या कायद्यातील नियंत्रण मंडळात मान्यताप्राप्त गृहांच्या व्यवस्थापन समित्यांनी निवडून दिलेल्या सदस्यांनाही स्थान होते. ज्यांची तपासणी करावयाची, त्यांचेच प्रतिनिधी तपासणाऱ्या मंडळात बसणार होते. संस्थाचालकांच्या अनुभवाचा लाभ मिळावा हा त्यामागील हेतू असू शकतो. तथापि मुलाच्या दृष्टीने पाहिल्यास ही बाहेरची नजर पूर्णपणे बाहेरची नव्हती.

महाराष्ट्रात या काळात जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनांच्या माध्यमातून रिमांड होमचे जाळे विस्तारले. शासन अनुदान देई व स्वयंसेवी संघटना संस्था चालवी, अशी ही पद्धत होती. अनुदान मुलांच्या संख्येवर अवलंबून असल्याने मूल घरी परत जावे यापेक्षा ते संस्थेत राहावे, असा आर्थिक दबाव तिच्यात सुप्तपणे असे.

१९८० च्या दशकात या व्यवस्थेकडे न्यायालयाचे लक्ष वेधले गेले ते मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या प्रयत्नांमुळे. तुरुंगांत ठेवलेल्या मुलांसंबंधी त्यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये महत्त्वाचे आदेश दिले. त्याच वर्षाअखेरीस चिल्ड्रेन्स एड सोसायटीसंबंधीच्या त्यांच्या दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने एक मूलभूत तत्त्व सांगितले. ही सोसायटी संविधानाच्या अनुच्छेद १२ मधील 'राज्य' या संज्ञेत येते, असे त्या निर्णयात मान्य करण्यात आले. निरीक्षणगृहांत मुलांना दीर्घकाळ ठेवू नये, असेही न्यायालयाने बजावले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, मुलाला आसरा देणारी संस्था उपकारकर्ती म्हणून नव्हे, तर मूलभूत हक्कांना बांधील असलेली यंत्रणा म्हणून उत्तरदायी ठरली.

१९८६ चा बालन्याय कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला आणि राज्यांचे वेगवेगळे बालक कायदे मागे पडले. ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस मान्यता दिली. २००० च्या बालन्याय कायद्याने बालकल्याण समिती, तपासणी समिती व सामाजिक लेखापरीक्षण या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या, तर २००६ च्या दुरुस्तीने सर्व संस्थांना नोंदणी बंधनकारक केली. कागदावर तरी आता कोणतेही मूल देखरेखीच्या कक्षेबाहेर राहणार नव्हते.

६. कायदा असताना घडलेले अत्याचार

कागदावरील ही पूर्णता प्रत्यक्षात किती अपुरी होती, हे पुढील दशकाने दाखवून दिले. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील दुरवस्थेच्या बातम्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली व राज्यातील अशा गृहांच्या पाहणीसाठी तज्ज्ञांची समिती नेमली. २०११ मध्ये पनवेल परिसरातील एका निवासी संस्थेत मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार न्यायालयनियुक्त समितीच्या पाहणीनंतर उजेडात आले. त्यांतील अनेक मुली बौद्धिक अक्षमता असलेल्या अथवा ऐकू-बोलू न शकणाऱ्या होत्या. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकासह अनेकांना दोषी ठरविले.

या घटनांतून निघणारा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. तपासणीचे नियम २००० पासून अस्तित्वात होते. तरीही अत्याचार उघड झाले ते नेहमीच्या तपासणीतून नव्हे, तर वृत्तपत्र, न्यायालय आणि न्यायालयाने पाठविलेली माणसे यांच्यामुळे. नेहमीची तपासणी बहुतेक वेळा इमारत, नोंदवह्या, धान्यसाठा व कर्मचाऱ्यांची हजेरी पाहते. मुलाशी एकांतात, त्याला समजेल अशा भाषेत किंवा खुणांनी बोलणे हे वेळखाऊ व कौशल्याचे काम असल्याने ते मागे पडते. जे मूल बोलू शकत नाही, त्याच्यासाठी तक्रारपेटी भिंतीवर लावून काहीच साधत नाही.

हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही. २००७ मध्ये महाबलीपुरम येथील अनाथालयांतील मुलांच्या शोषणासंबंधी आलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण सुरू झाले, त्याचा निकाल ५ मे २०१७ रोजी लागला. ३१ डिसेंबर २०१७ पूर्वी सर्व बालसंगोपन संस्थांची नोंदणी पूर्ण करावी, तपासणी समित्या कार्यान्वित कराव्यात व सामाजिक लेखापरीक्षण करावे, असे निर्देश न्यायालयाने दिले. नोंदणी बंधनकारक करणारी दुरुस्ती २००६ ची होती; म्हणजे अकरा वर्षांनंतरही तेच पुन्हा सांगावे लागले. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ मधील अहवालात देशातील ९,५८९ गृहांची व त्यांतील सुमारे ३ लाख ७० हजार मुलांची नोंद करण्यात आली. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या प्रकल्पाने बिहारमधील निवासी संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले. मुझफ्फरपूर येथील मुलींच्या गृहातील अत्याचार त्यामुळे समोर आले आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतील न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. ते लेखापरीक्षण इतके परिणामकारक ठरले, कारण ते करणारे लोक संस्थाचालकांशी वा स्थानिक प्रशासनाशी हितसंबंधांनी बांधलेले नव्हते आणि त्यांनी मुलींना बोलण्यास अवसर दिला.

७. संस्थेकडून कुटुंबाकडे

२०१५ च्या बालन्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानला. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ मधील पर्यायी संगोपनविषयक सूचनांशी हे धोरण सुसंगत आहे. महाराष्ट्रापुरते पाहता, संस्थाबाह्य संगोपनाची कल्पना येथे नवी नाही. राज्याची बालसंगोपन योजना दीर्घकाळ चालू असून २०२३ पासून ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने, दरमहा २,२५० रुपयांच्या साहाय्यासह राबविली जाते. १८६३ मध्ये परक्या मुलांना स्वतःच्या घरात जागा देणाऱ्या सावित्रीबाईंचे नाव या योजनेस असणे औचित्यपूर्ण आहे. मात्र या योजनेचा लाभ बहुतांशी एक पालक असलेल्या किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना मिळतो. अपरिचित कुटुंबाने मुलाचा सांभाळ करणे, या अर्थाचे प्रतिपालकत्व अजून मर्यादितच आहे. २०१६ च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांची जागा घेणाऱ्या २०२४ च्या सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली असल्याने या पर्यायाचा विस्तार होण्याची शक्यता आहे.

हा बदल स्वागतार्ह असला, तरी देखरेखीच्या दृष्टीने तो प्रश्न अधिक कठीण करतो. संस्थेत पन्नास मुले एका छताखाली असतात; एका भेटीत त्या सर्वांना भेटता येते. प्रतिपालक कुटुंबांत तीच मुले पन्नास घरांत विखुरलेली असतात आणि घराचा उंबरठा ओलांडण्यास तपासणाऱ्यालाही संकोच वाटतो. २०१५ च्या कायद्याने याचा विचार केला आहे. कलम ४४ नुसार बालकल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करावयाची आहे, तर कलम ५४ नुसार संस्थांची तपासणी तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावयाची असून तपासणी पथकात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असणे आवश्यक आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलांची सूचनापेटी कार्यालयापासून दूर व मुलांच्या राहण्याच्या जागेजवळ असावी, हा बारकावाही अनुभवातून आलेला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी वाढविली.

दरमहा भेटीची ही तरतूद वाचताना १८९७ च्या अभ्यागत समितीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शिक्षा झालेल्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकाने जे आवश्यक मानले, ते निरपराध मुलांपर्यंत पोहोचण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. संस्थांतील मुलांसाठी तर ही भेट आजही महिन्याची नसून तिमाहीची आहे. आता प्रश्न तरतुदीचा राहिलेला नाही. ती भेट खरोखर होते का, भेट देणारा मुलाशी बोलतो का, आणि मुलाने सांगितलेले कोठे नोंदविले जाते, हा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की, १८५० पासून महाराष्ट्रात मुलाला ठेवून घेण्याचे कायदे व संस्था सातत्याने वाढत गेल्या. ठेवल्यानंतर त्याच्याकडे पाहण्याची व्यवस्था मात्र नेहमी मागे राहिली. दुसरी गोष्ट अशी की, येथे पाहिलेल्या घटनांत मुलाची स्वतःची तक्रार हा अत्याचार उघड होण्याचा मुख्य मार्ग नव्हता. १८९७ मध्ये आश्रमाच्या संचालिकेचे पत्र, १९८० च्या दशकात पत्रकाराची याचिका, २०११ मध्ये न्यायालयाची समिती आणि २०१८ मध्ये समाजविज्ञान संस्थेचे लेखापरीक्षण, यांनी ते काम केले. तिसरी गोष्ट म्हणजे, संस्थापकाची कीर्ती, धार्मिक प्रतिष्ठा किंवा सरकारी मान्यता यांपैकी कशानेही मुलाच्या सुरक्षिततेची हमी मिळत नाही. चौथी गोष्ट अशी की, कुटुंबाधारित संगोपन हे संस्थेपेक्षा श्रेयस्कर असले, तरी नियमित भेटीविना तेही तितकेच धोक्याचे ठरू शकते.

तपासणी समित्या व सामाजिक लेखापरीक्षण यांसाठी हितसंबंधमुक्त, प्रशिक्षित व मुलांशी बोलू शकणाऱ्या व्यक्तींची गरज आहे. जिल्ह्या-जिल्ह्यांत पसरलेली महाविद्यालये, विशेषतः समाजकार्य, मानसशास्त्र, गृहविज्ञान व विधी या विभागांचे अध्यापक, ही गरज काही प्रमाणात भागवू शकतात. सांकेतिक भाषा जाणणारा किंवा आदिवासी बोली समजणारा एक अध्यापक तपासणी पथकात असेल, तर आजवर न ऐकले गेलेले बरेच काही ऐकले जाईल. तसेच जुन्या संस्थांच्या दप्तरांतील शिक्षा-नोंदवह्या, मृत्युनोंदी व अभ्यागतांचे शेरे यांचे जतन व अभ्यास होणे इतिहासाच्या दृष्टीने निकडीचे आहे. ही कागदपत्रे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडली, तर ज्या मुलांना हयातीत कोणी विचारले नाही, त्यांच्याविषयी पुढेही कोणाला काही विचारता येणार नाही.